तारखेच्या आधीची वकिली

येरमाळ्यात न्यायालय नाही. कळंब तालुक्यातल्या या गावात पोलीस ठाणे आहे, येडेश्वरीचे देवस्थान आहे, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो. पण दिवाणी दावा लावायचा तर कळंब, अपिलाला धाराशिव आणि रिट करायची तर दोनशेएक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. त्यामुळे अशा गावात राहून वकिली करणारा माणूस सकाळी काळा कोट हातावर टाकून निघतो आणि दिवेलागणीला परततो. त्याची कमाई बाहेरगावी होते. गावातही त्याला काम असतेच, फक्त त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. फाट्यावर एसटीची वाट बघताना, चहाच्या हॉटेलात, कुणाच्या तेराव्याला लोक पिशवीतून कागद काढतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, एवढं जरा बघा की."

लहान गावातल्या वकिलाविषयी आपल्याकडे दोन मते ठरलेली असतात. एक, तो भांडणे लावून पोट भरतो. दोन, त्याला शहरात जमले नाही म्हणून तो इथे राहिला. दोन्ही मतांचे गृहीत एकच, की वकिली म्हणजे कोर्टात चालते ती. मला वाटते, येरमाळ्यासारख्या गावाला वकिलाची खरी गरज तारीख लागण्याआधी असते, आणि नेमक्या त्याच कामाला आपल्या व्यवस्थेत मोल नाही. पुढचे पुष्कळसे दुखणे या उलट्या हिशोबातून येते.

जमिनीपासूनच बघू. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत, जुने कागद मोडीत. पुढे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, १९५४ चा इनाम रद्द करणारा कायदा आला, खासरा पाहणी झाली. आज सातबाऱ्यावर दिसणाऱ्या नावामागे फेरफारांची अशी लांब साखळी असते. त्यातली एक कडी निसटली, संरक्षित कुळाचे नाव राहून गेले किंवा इनामाचा शेरा उतरला नाही, की तिसऱ्या पिढीत दावा उभा राहतो. सातबारा आता मोबाइलवर मिळतो, पण मिळणे आणि समजणे यांत अंतर आहे. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे जमीन आपली झाली, असा समज सर्वत्र आहे. दुय्यम निबंधक मात्र दस्त कोणी लिहून दिला एवढेच बघतो, विकणारा खरा मालक आहे का हे ठरवणे त्याचे काम नाही. म्हणजे आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या व्यवहारात शेतकऱ्याच्या बाजूने कागद वाचणारे कुणीच नसते. दस्तलेखक जुना नमुना काढून नावे बदलतो.

दुसरी गोष्ट मुदतींची. शेताचा वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. गावकीत समेट होईल या आशेवर माणूस दोन पेरण्या थांबतो आणि तो सोपा मार्ग बंद होतो. मग उरतो दिवाणी दावा आणि त्याची वर्षे. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली तर मोबदल्याविरुद्ध लवादाकडे जाता येते. लवादाचा निर्णय पटला नाही तर जिल्हा न्यायालयात जायला तीन महिने मिळतात, वर फार तर तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी न्यायाधीशालाही काही करता येत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तर पैसे उचलताना हरकत नोंदवली नाही, तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्कच जात असे. तलावांत जमिनी गेलेल्या कित्येकांना 'हरकत राखून' या दोन शब्दांची किंमत उशिरा कळली. १९८४ मध्ये कलम २८-अ घालून अशांसाठी दुसरे दार उघडले, पण त्यालाही तीन महिन्यांची मुदत होतीच.

तिसरी गोष्ट घरातली. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला पुण्या-मुंबईची भावंडे गावी येतात, लेकी माहेरी येतात, आणि वाटणीचा विषयही अशाच वेळी निघतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते ही अडचणही दूर केली. पण बहिणीसमोर कायदा येतो तो सही करायच्या जागी फुली मारलेल्या हक्कसोडपत्राच्या रूपाने. तिला बाजूला बसवून "याचा अर्थ असा" एवढे सांगणारे कुणी नसते. दहा वर्षांनी ती कोर्टात जाते तेव्हा वकील दोन लागतात, आणि माहेर तुटते ते वेगळेच. सावकाराला तारण म्हणून लिहून दिलेल्या खरेदीखताचेही तसेच. २०१४ च्या सावकारी कायद्यात पंधरा वर्षांच्या आतला असा व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. हे वेळेत कळणे हाच त्यातला अर्धा न्याय.

मग वकील हे काम मन लावून का करत नाही? कारण त्याचे पोट तारखेवर आहे. तालुक्याच्या कोर्टात अशील फी एकरकमी देऊ शकत नाही, तारखेला येईल तसे थोडे थोडे देतो. प्रकरण लांबले तर वकिलाचे नुकसान होत नाही, मिटले तर होते. निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अपघात नुकसानभरपाईच्याच एका प्रकरणात अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. तरी भूसंपादन आणि अपघाताच्या दाव्यांत टक्क्यांची बोली कानावर येतेच. ज्याच्याकडे आगाऊ द्यायला काही नाही त्याला तीच परवडते. फुकट सल्ला देणाऱ्या वकिलाचे गणित सरळ असते. त्याने फाट्यावर नीट सल्ला दिला तर उद्याचा दावा बुडतो.

कायद्याचा वकिलावरचा संशय जुना आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. येरमाळा तेव्हा निजामाकडे, पण शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, जिथे तो लागू झाला. सावकाराच्या कचाट्यातून कुणब्याला सोडवण्यासाठी त्यात समेट घडवणारे अधिकारी नेमले आणि त्यांच्यासमोर वकिलांना उभे राहायला मनाई केली. हेतू चांगला होता. पण वकील बाहेर गेला तरी कागद लिहिणारा सावकार आतच राहिला. कौटुंबिक न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्यातही वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. वकील टाळला की भांडण कमी होईल ही समजूत दीडशे वर्षे टिकली आहे. वकील आधी आणला तर काय होईल, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

सरकारी योजना आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देऊ केला. ग्रामन्यायालयांचा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. लोकअदालती भरतात. पण यातले बहुतेक भांडण झाल्यावर सुरू होते. लोकअदालतीतल्या 'दाखलपूर्व' प्रकरणांत मोठा भरणा बँकेची थकबाकी आणि वीजबिलांचा असतो. तिथेही आधी येते ती नोटीस, सल्ला नव्हे. गावपातळीवरच्या विधी साहाय्य केंद्रांत निमविधी स्वयंसेवक बसवण्याची सोय आहे, पण फेरफारांची साखळी उलगडणे हे स्वयंसेवकाचे काम नाही. उलट फौजदारी बचावासाठी २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत मानधनावर पूर्णवेळ वकील नेमले जाऊ लागले. आरोपीला वकील देता येतो, तर हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बाईला का नाही?

जपानमध्ये ज्या न्यायक्षेत्रांत एकही वकील नव्हता किंवा एकच होता, तिथे तिथल्या वकील महासंघाने स्वतःच्या निधीतून २००० पासून कार्यालये उघडली. त्यांच्याकडे वकील कमी होते, आपल्याकडे ते कमी नाहीत. आपल्याकडे वकील पुष्कळ आणि सल्ला दुर्मीळ. म्हणून इथला उपाय सोपा असायला हवा. तालुका वकील संघाने कागद वाचण्याची एक माफक, जाहीर फी ठरवावी. ज्याला ती परवडत नाही त्याच्या वतीने विधी सेवा समितीने ती द्यावी. सल्ला लेखी असावा, खाली वकिलाची सही असावी. आठवड्यातून एक दिवस हे काम कळंबला नव्हे, येरमाळ्यासारख्या मोठ्या गावात बसून व्हावे.

यावर आक्षेप येतील. गरिबावर आणखी एक खर्च कशाला? कारण फुकटच्या सल्ल्याला जबाबदारी नसते. चहा पिताना सांगितलेले चुकले तर सांगणारा हात वर करतो. वकिलाच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले आहे. मग दाद मागायला दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलची शिस्त उरते, आणि तिथेही पुरावा लागतो तो लेखी सल्ल्याचाच. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. लहान गावात वकील दोन्ही भावांना ओळखतो, एकाला सल्ला दिला की दुसऱ्याचे वकीलपत्र घेता येत नाही. खरे आहे. ज्याने भावाचे हक्कसोडपत्र तयार केले त्याने बहिणीला सल्ला देऊच नये, तिच्यासाठी दुसरा वकील हवा. यात काही वकिलांची काही प्रकरणे जातील. ओळखीच्या गावात निःपक्षपाती राहायचे तर हा तोटा सोसावाच लागतो, आणि तो एकट्या वकिलाने सोसावा अशी अपेक्षा धरणे हा ढोंगीपणा आहे.

गावाने सल्ल्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि वकिलाने भांडण वाढवू नये असे म्हणायचे, या दोन अपेक्षा एकत्र नांदत नाहीत. तारखेला पैसे देणारी व्यवस्था तारखाच पिकवणार. ती बदलायची तर सुरुवात धाराशिवच्या किंवा कळंबच्या कोर्टात होणार नाही. ती सही करण्याच्या आधी, कागद अजून कोरा असताना करावी लागेल.