परक्याचा शोक

जुन्या इमारती पाहण्याचा ज्यास छंद आहे, त्यास केव्हां ना केव्हां हा प्रसंग येतोच. शिल्प न्याहाळण्यासाठीं तो एखाद्या चर्चमध्यें शिरतो आणि तेथें कोणा अपरिचित मृताच्या स्मरणार्थ उपासना सुरू होते. उठून जावें कीं बसून राहावें?

मुंबईच्या कोटांतील सेंट टॉमस कॅथीड्रल १७१८ सालीं उपासनेसाठीं उघडलें. त्याच्या भिंती संगमरवरी स्मृतिलेखांनीं भरलेल्या आहेत. बालिकाहत्या बंद पाडण्यासाठीं झटलेले आणि १८११ सालीं वारलेले मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांचें स्मारक तेथें आहे. त्यापुढें उभे राहून कोरीव कामाचे गुणदोष चर्चितांना कोणास संकोच वाटत नाहीं. मग परवां वारलेल्या मनुष्याच्या स्मरणप्रसंगीं तीच दृष्टि असभ्य कां वाटावी? दोघेही मृत आपणांस सारखेच परके. भेद आहे तो शोक करणारांत. डंकन यांच्यासाठीं रडणारें आज कोणी उरलें नाहीं. येथें पुढच्या बांकावर कोणाची तरी विधवा बसलेली असते.

आमच्याकडे परक्याच्या प्रेतास खांदा देणें हें पुण्यकर्म समजलें जातें. परंतु खांदा देणारा भार तरी उचलतो. नुसता बसणारा काय उचलतो? माझ्या मतें त्यानें तेवढा वेळ छताच्या कमानींकडे पाहण्याचें सोडावें. हा भार दिसतो तितका हलका नाहीं. आणि दारापाशीं कोणी ‘आपली त्यांची ओळख होती का?’ असें विचारलें, तर खरें तें सांगावें. शोकाकुल मनुष्य त्या ओळखीच्या आशेनें मृताविषयीं आणखी एखादी गोष्ट ऐकूं इच्छीत असतो. त्यास खोटें सांगणें ही दया नव्हे.

परंतु मृताच्या कार्याविषयींच आदर नसेल तर? कुलाब्याचें अफगाण चर्च हा प्रश्न उपस्थित करतें. १८३८ ते १८४३ पर्यंतच्या सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलें हें चर्च १८५८ सालीं उपासनेस अर्पण झालें. हे लोक दुसऱ्याचा देश जिंकावयास गेले होते, ही जाणीव तेथें हिंदी माणसास असतेच, व असावीही. तथापि त्यामुळें करुणा खोटी ठरते, असें मला वाटत नाहीं. भिंतींवर नांवें आहेत तीं अधिकाऱ्यांचीं. साधे शिपाई नांवें लिहिण्याच्या पलीकडे पुष्कळ होते, असें तेथील लेखच सांगतो. १८४२ च्या काबूलहून झालेल्या माघारींत फौजेमागून चालणारे बाजारबुणगे हजारोंनीं मेले. त्यांचा तर त्या लेखांत उल्लेखही नाहीं. त्या मंदिरांत बसलों कीं माझें मन प्रथम त्यांच्याकडेच जातें.