न वाचता म्हटलेले 'मम'

पूजेच्या संकल्पात भटजी "मम म्हणा" असे सांगतात आणि यजमान 'मम' म्हणतो. देशकालाचा तो संस्कृत उच्चार बहुतेकांस कळत नाही. तरी कर्म आपल्या नावे झाले असे आपण मानतो. तेथे हे निभते, कारण सांगणारा यजमानाच्याच कल्याणासाठी बोलत असतो. सॉफ्टवेअर घेताना 'मला अटी मान्य आहेत' या शब्दांवर बोट ठेवणारा मनुष्यही 'मम'च म्हणतो; मात्र तेथे मंत्र रचणारा हा प्रतिपक्ष असतो. अशी संमती बांधते काय?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे तेरावे कलम सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली म्हणजे संमती झाली. ही कसोटी शब्दशः लावली तर आगगाडीच्या तिकिटावरील अटीही टिकावयाच्या नाहीत. म्हणून न्यायालये, अटी वाचल्या काय असे न विचारता, वाचण्याची रास्त संधी होती काय एवढेच पाहतात. अमेरिकेत १९९६ साली प्रोसीडी कंपनीच्या खटल्यात अटी बंद खोक्याच्या आत होत्या. तबकडीत तीन हजारांवर टेलिफोन-डिरेक्टऱ्यांतील माहिती होती आणि ग्राहकाने ती स्वस्तात पुन्हा विकावयास काढली होती. अटी नापसंत असल्यास माल परत करता येत होता, म्हणून त्या बंधनकारक ठरल्या. उलट २००२ साली नेटस्केपच्या खटल्यात अटी बटणाच्या बऱ्याच खाली, पडदा सरकविल्यावाचून दिसणार नाहीत अशा ठिकाणी होत्या. त्या बांधत नाहीत असा निर्णय झाला.

संधी असली तरी तो लांबलचक मजकूर कोणी वाचणार नाही, हे लिहिणारा जाणून असतो. (वकीलमंडळीही त्यास अपवाद नाहीत.) तेव्हा वाचले की नाही यापेक्षा, अट मागते काय, हा प्रश्न आम्हांस अधिक खोल वाटतो.

२००८ चा जेकबसेन खटला पाहा. आगगाडीच्या प्रतिकृती चालविण्याच्या छंदातून निर्माण झालेले एक सॉफ्टवेअर विनामूल्य दिले गेले होते. मूळ कर्त्यांची नावे राखावी आणि केलेले बदल नमूद करावे, एवढीच मुख्य अपेक्षा होती. प्रतिवादीने नावे वगळून त्यातील मजकूर उचलला. पैसा घेतला नाही म्हणून अट पोकळ ठरत नाही, असे अपील न्यायालयाने मानले. देवस्थानास अर्पण केलेल्या समईवरील दात्याचे नाव घासून तेथे आपले नाव कोरणाऱ्यास "दानपत्र मी वाचले नव्हते" असे म्हणता येईल काय? देणाऱ्याचे दान जपणारी अट न वाचताही बांधावी, हेच न्याय्य होय.

घेणाऱ्याचे हक्क गुपचूप काढून घेणाऱ्या अटीची गोष्ट वेगळी. दुर्बळाने गत्यंतर नाही म्हणून छापील करारावर केलेली सही अन्याय्य कलमास तारीत नाही, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली नोकरीच्या एका करारासंबंधी सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर 'अनुचित करार' ही व्याख्याच दिली. सबळ कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याची मुभा तीत मोडते. परंतु अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. पाचशे रुपयांच्या सॉफ्टवेअरसाठी ती पायरी चढलेला ग्राहक अद्याप आमच्या पाहण्यात नाही.