सुरक्षित नौका कोणती?

दूरच्या समुद्रप्रवासास निघणाऱ्याने नौका कशी निवडावी, हा प्रश्न वरकरणी नीतिशास्त्राचा नाही. तो सुताराचा, शिडे शिवणाऱ्याचा, फार तर कर्ज देणाऱ्या सावकाराचा. तथापि तीन अंगांच्या नौकेविषयी, म्हणजे 'ट्रायमरान'विषयी, जाणकारांत गेली साठ-सत्तर वर्षे जो वाद चालू आहे तो वाचत असता आम्हांस सेमिनरीतील नैतिक ईशज्ञानाच्या तासांची वारंवार आठवण झाली. वाद तोच, फक्त पाण्यावरचा.

आपल्या कोकणपट्टीवर लहान होडीच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी एक ओंडका बांधलेला असतो. त्यास उलांडी म्हणतात. होडी कलू लागली की उलांडी तिला सावरते. अशीच उलांडी दोन्ही बाजूंना लावली, ती पोकळ व नौकेच्या आकाराची केली आणि मधली होडी राहण्याजोगी बांधली की ट्रायमरान तयार झाली. 'ट्रायमरान' हा शब्द मात्र अलीकडचा. युक्रेनमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टर चेचेट यांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यास घडवला. पुढे कॅलिफोर्नियाच्या आर्थर पायव्हर यांनी घरच्या अंगणात प्लायवूडने बांधता येतील असे ट्रायमरानचे आराखडे विकले आणि बेताच्या मिळकतीच्या माणसालाही महासागराचे स्वप्न परवडू लागले. १९६८ साली हेच पायव्हर एका लहान ट्रायमरानमधून एकटेच निघाले, ते परतले नाहीत.

आता वादाचे मूळ पाहू. एका अंगाच्या नौकेच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे जड ओझे असते. वाऱ्याने ती कलते, प्रवाशांचे हाल करते. पण लाटेने पुरती आडवी केली तरी त्या ओझ्यामुळे बहुधा पुन्हा उभी राहते. मात्र तिला भोक पडले तर तेच ओझे तिला तळाशी नेते. ट्रायमरानला असे ओझे नसते. तिचा तोल तिच्या रुंदीत असतो. ती फारशी कलत नाही, वेगाने जाते, उथळ खाडीत शिरते, आणि हलक्या पदार्थांची, बंदिस्त कप्प्यांची बांधलेली असेल तर फुटली तरी बुडत नाही. पण एकदा उलटली की उलटीच राहते. सुलटी असता ती जितकी स्थिर, उलटी असताही जवळजवळ तितकीच स्थिर! शिवाय एका अंगाची नौका कलून कलून नाविकास बजावत असते की, शिडे कमी कर. ट्रायमरान ताठ राहते, आणि ताठ राहता राहताच मर्यादा ओलांडते. (असे स्वभाव आम्ही माणसांतही पाहिले आहेत.)

म्हणजे नौका निवडणारा प्रत्यक्षात काय निवडतो? तो सुरक्षितता निवडत नाही. कोणत्या संकटातून आपण वाचावे आणि कोणत्यातून वाचू नये, हे तो निवडतो.

येथेच आमच्या सेमिनरीतील जुना वाद उभा राहतो. एखादे कृत्य योग्य की अयोग्य याविषयी प्रामाणिक शंका असेल तर माणसाने काय करावे? काही पंडित म्हणत, नेहमी अधिक सुरक्षित मार्गच धरावा. १५७७ साली बार्तोलोमे दे मेदिना या डोमिनिकन पंडिताने मांडले की, एखाद्या मतास भक्कम आधार असेल, तर विरुद्ध मताचा आधार अधिक असला तरी ते मत अनुसरण्यास हरकत नाही. त्यातून पुढे सवलतींचा सुकाळ झाला, पास्काल यांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली, आणि तरीही १६९० साली पोप आठवे अलेक्झांडर यांनी दुसऱ्या टोकाचा, म्हणजे सुरक्षिततेच्या अतिरेकी आग्रहाचा, निषेध केला. संत आल्फान्सस लिगोरी यांनी या दोहोंमधून वाट काढली. परंतु एका मुद्द्यावर सर्वांचे एकमत होते. जेथे दुसऱ्याचा जीव धोक्यात असतो तेथे सवलत नाही. झुडपाआड हरीण आहे की माणूस, अशी शंका असेल तर शिकाऱ्याने बाण सोडता कामा नये.

बायकामुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्यास हा नियम निःसंशय लागू आहे. तथापि अधिक सुरक्षित बाजू कोणती हे आपणांस ठाऊक आहे, असे तो नियम गृहीत धरतो. शिकाऱ्याला ते ठाऊक असते: बाण न सोडणे. नौका निवडणाऱ्याने काय न सोडावे? फ्रान्समधून ग्वादलूपपर्यंतच्या १९७८ सालच्या पहिल्या 'रूट दु रम' शर्यतीत माइक बर्च यांची एक छोटी ट्रायमरान सुमारे तेवीस दिवसांच्या प्रवासानंतर एका अंगाच्या भल्यामोठ्या नौकेपेक्षा केवळ ९८ सेकंद आधी पोहोचली. त्याच शर्यतीत आलँ कोला हे आपल्या 'मानुरेवा' या सुमारे वीस मीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या ट्रायमरानसह नाहीसे झाले. याच नौकेतून त्यांनी पूर्वी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेली होती. तेव्हा एका बाजूने पुरावा मागणाऱ्यास समुद्र दोन्ही बाजूंनी पुरावे देतो.

कोणी म्हणेल, मग जाऊच नये. संत थॉमस अक्वायनस यांनी मनुष्याच्या अंतिम सुखाचा विचार करताना नौकेचेच उदाहरण घेतले आहे. नौका सुखरूप ठेवणे हे कप्तानाचे अंतिम ध्येय असू शकत नाही, कारण नौका मुळात प्रवासासाठी असते. त्यांचा हा युक्तिवाद मान्य केला तर बंदरात बांधून ठेवलेली नौका ही सुज्ञपणाची खूण ठरत नाही. पण त्याच संतांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: विचारविनिमय, निर्णय आणि आज्ञा, म्हणजे ठरवलेले स्वतःकडून करवून घेणे. तिसरी पायरी ही विवेकाची खरी पायरी, असे ते म्हणतात. आम्हांस विद्यार्थिदशेत हे थोडे विचित्र वाटे. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कथा वाचल्यावर ते उमगले.

१९६८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत एका इंग्रजी वृत्तपत्राने जाहीर केली. क्रोहर्स्ट हे लहानशा इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे मालक, चार मुलांचे वडील, आणि हौशी नाविक. त्यांनी ट्रायमरान निवडली. त्यांचा विचार मुळीच उथळ नव्हता. ट्रायमरान उलटते हे ते जाणून होते. म्हणून डोलकाठीच्या टोकाशी आपोआप फुगणारी हवेची पिशवी बसवून नौका सुलटी करण्याची योजना त्यांनी आखली होती. विचारविनिमय झाला, निर्णयही समर्थनीय होता. पण शर्यतीच्या नियमांनुसार निघण्याचा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर उजाडला तेव्हा नौका अपुरी होती. तारा ओढलेल्या होत्या, मात्र त्या जेथे जोडायच्या ते यंत्रच तयार नव्हते. उद्योग अडचणीत, पैसा दुसऱ्याचा, प्रसिद्धी झालेली. 'मी निघत नाही', एवढे शब्द उच्चारणे ही त्या दिवशीची आज्ञा होती. ती त्यांना स्वतःस देता आली नाही, आणि ते निघाले.

पुढे त्यांनी अटलांटिकमध्येच घुटमळत आपण जग ओलांडत असल्याच्या खोट्या बातम्या बिनतारी यंत्रावरून पाठवल्या. जुलै १९६९ मध्ये त्यांची 'टिनमथ इलेक्ट्रॉन' ही ट्रायमरान तरंगताना सापडली. ती उलटली नव्हती. आत नोंदवह्या होत्या, माणूस नव्हता. मात्र आमच्या मनास अधिक लागते ती दुसरी गोष्ट. नायजेल टेटली हे त्याच शर्यतीत, पायव्हर यांच्याच आराखड्याच्या 'व्हिक्ट्रेस' या ट्रायमरानमधून खरोखर पृथ्वीला वळसा घालून परतत होते. ही नौका त्यांचे राहते घर होती. क्रोहर्स्ट पाठीमागून वेगाने येत आहेत, या बातमीवर विश्वास ठेवून त्यांनी आधीच खिळखिळ्या झालेल्या नौकेला पळवले. मे १९६९ मध्ये अॅझोर्स बेटांजवळ ती फुटली व बुडाली, टेटली वाचले. नौका निवडताना आपण लाकूड तपासतो, जोड तपासतो. तिसऱ्याच माणसाच्या असत्याचा भार त्या जोडांवर येईल, याचा हिशेब कोणत्या कारागिराने ठेवावा?

शर्यत पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहेली' ही बत्तीस फुटी, सागवानी, एका अंगाची, संथ नौका आपल्या मुंबईत बांधली गेली होती. त्यांनी ती निवडली, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. त्यांना नवी, मोठी नौका हवी होती, पैसे जमले नाहीत, म्हणून हाती होती ती घेऊन ते निघाले. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास देऊन टाकले.

मग ट्रायमरान निवडूच नये काय? आम्ही तसे म्हणणार नाही. दूर जाणाऱ्याने ती निवडावी, पण निवडताना तिच्या तळाकडे पाहावे. चांगल्या ट्रायमरानला पाण्यालगत एक झडप असते. नौका उलटल्यावर माणसांना आतबाहेर करता यावे म्हणून. जून १९८९ मध्ये न्यूझीलंडहून टोंगाकडे निघालेली 'रोझ-नोएल' ही ट्रायमरान एका प्रचंड लाटेने उलटली. आतील चौघांनी तळाला भोक पाडले, पावसाचे पाणी साठवले, मासे धरले आणि उलट्या नौकेवर ११९ दिवस काढून ते ग्रेट बॅरिअर बेटास लागले. ते इतके धडधाकट दिसत होते की प्रारंभी त्यांच्या सांगण्यावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही! एका अंगाच्या नौकेला भोक पडून ती तळाशी गेली असती, तर तिने त्यांना ११९ दिवस सांभाळले नसते.

ही झडप म्हणजे बांधणाऱ्याने दिलेली कबुली असते की, ही नौका उलटू शकते. काही ग्राहकांना ती पाहवत नाही. आम्हांस याचे नवल वाटत नाही. रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूस वेळेवर बोलवा, असे आम्ही वेदीवरून सांगतो. तरी घरचे लोक रुग्णाची शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. 'फादर दिसले की तो घाबरेल' हे ठरलेले उत्तर. रुग्ण बहुधा आधीच घाबरलेला असतो, आणि बोलायला कोणी नसल्यामुळे अधिकच. मृत्युपत्राचीही तीच कथा. उलटण्याची तजवीज करणे म्हणजे आशेचा त्याग, अशी एक समजूत आपल्या श्रद्धेत उगाच शिरली आहे. आशेविरुद्धची पापे दोन आहेत, निराशा आणि फाजील भरवसा. आमच्या धर्मग्रामात पहिल्याची कबुली पुष्कळ देतात. दुसऱ्याची कबुली दिलेली आम्ही क्वचितच ऐकतो.

ट्रायमरान आणखी एक अट घालते. तिला ओझे सोसत नाही. सामान वाढले की तिचा वेग जातो, लाटा आडव्या दांड्यांवर आदळू लागतात, आणि जिच्यासाठी तिला पसंत केले ती चपळता उरत नाही. ज्या कुटुंबाला चार कपाटे हवीत त्याने दुसरी नौका पाहावी. संत पौल यांच्या नौकेवरील लोकांनी वादळात आधी माल, मग नौकेची सामग्री आणि अखेरीस गहू समुद्रात टाकला. ट्रायमरानवाल्यास हे सारे धक्क्यावरच उरकावे लागते.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील तो सत्ताविसावा अध्याय नाविकांनीही वाचावा असा आहे. त्या नौकेवर २७६ माणसे होती. पुढे जाऊ नये, असे कैदी पौल यांनी सांगितले. शताधिपतीने मात्र कप्तानाचे व नौकेच्या मालकाचे ऐकले. ते ज्ञानी होते, अनुभवी होते, आणि पुष्कळांचे मत त्यांच्या बाजूचे होते. आजही नौका घेताना पती आराखडे वाचतो, विक्रेता वेग सांगतो, मित्र शर्यतींची उदाहरणे देतात. पत्नीस रंग विचारला जातो. व्यवहार पुरा होण्यापूर्वी तिने मुलांसह त्या नौकेत एक रात्र, किनारा दिसेनासा होईल इतक्या अंतरावर, काढावी. आणि सकाळी तिने 'नाही' म्हटले तर इसाराची रक्कम सोडून द्यावी.