डोळ्यांपुढे काय ठेवावे?

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १०१:१-४, फिलिप्पैकरांस पत्र १:९-११



एकशे एकावे स्तोत्र हे राजाचे स्तोत्र आहे. राज्य हाती घेताना राजाने परमेश्वरासमोर केलेला संकल्प, असे त्याचे स्वरूप दिसते. नगरातील दुष्टांचा बंदोबस्त, दरबारातील चहाडखोरांची हकालपट्टी हे विषय त्यात येतात. परंतु ते मागाहून. आरंभ होतो तो घरापासून. घराच्या चार भिंतींआड आपले वागणे निष्कपट राहील असे दुसऱ्या वचनात सांगून झाले की तिसऱ्या वचनात राजा लगेच डोळ्यांकडे वळतो. निरुपयोगी अशी कोणतीही गोष्ट आपण डोळ्यांसमोर ठेवणार नाही, असा त्या वचनाचा आशय आहे.

या वचनातील दोन शब्दांपाशी भाषांतरकाराला थांबावेच लागते. पहिला शब्द क्रियापदाचा. मूळ इब्री वाक्यात ‘पाहणे’ हे क्रियापद नाही. ‘ठेवणे’, ‘मांडणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. डोळे उघडे असतील तर समोर येईल ते दिसणारच. त्यात दोष कोणाचा? राजा त्याविषयी बोलत नाही. आपल्या हाताने, आपल्या घरात, आपल्यापुढे काय मांडून ठेवायचे याविषयी तो बोलत आहे. दुसरा शब्द ‘बलियाल’. पुढे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात हे नाव सैतानाच्या अर्थाने येते, म्हणून आपण ते ऐकले की दचकतो. परंतु अनेक अभ्यासक त्या शब्दाची फोड ‘बली’ म्हणजे वाचून आणि ‘याअल’ म्हणजे लाभ अशी करतात. ज्यात लाभ नाही, ज्यातून हाती काही लागत नाही, ते बलियाल. शब्दाच्या मुळाशी प्रथम पोकळपणा आहे, दुष्टपणा त्यामागून येतो. आपण मात्र बहुधा उलट्या क्रमाने विचार करतो. कार्यक्रमात शिव्या नाहीत, नग्नता नाही, रक्तपात नाही, मग झाले; मुलांनी तीन तास पाहिला तरी चालेल!

एलीच्या मुलांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात बलियालाचे पुत्र म्हटले आहे. एली स्वतः वाईट मनुष्य नव्हता. त्याने मुलांना समजावलेही. पण लोकांच्या तोंडून सर्व ऐकल्यावर, फार उशिरा. त्यानंतर थोड्याच वचनांत शास्त्र सांगते की त्याची दृष्टी मंद झाली होती. हे विधान त्याच्या वार्धक्याविषयी आहे हे खरे, तरी ते वाचताना घरातील वडीलधाऱ्यांनी थोडे अंतर्मुख व्हावे.

आता हेच वचन आजच्या घरात आणून पाहू. मी बंगळुरात राहतो म्हणून येथील घर घेतो. पुणे, नागपूर किंवा हैदराबाद येथील घर फारसे वेगळे नसावे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती, तेव्हापासून या शहराला मराठी परकी नाही. तथापि नोकरीनिमित्त आलेल्या आजच्या कुटुंबातील मुले इंग्रजी व कन्नड सहज बोलतात आणि मराठी केवळ आजीशी बोलतात. रविवारची संध्याकाळ आहे. सर्वांनी मिळून एखादा चांगला चित्रपट पाहावा असे ठरते. वडील दूरचित्रवाणी संच लावतात. एका सेवेवर शोधतात, तेथे नाही. दुसरीवर असतो, पण निराळे भाडे मागितले जाते. तिसरीवर गेल्या महिन्यात होता, आता नाही. अर्धा तास जातो. आजी पाठ टेकते म्हणून आतल्या खोलीत जाते. मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो. शेवटी वडील एकटेच, समोर जे आपोआप सुरू झाले ते पाहत बसतात.

यात पाप कोणते घडले? कोणतेच नाही. पण आजीची संध्याकाळ गेली, आणि नातवाशी मराठीत बोलण्याचे एक निमित्त गेले.

हे असे का होते ते समजून घेणे उपयोगाचे आहे, नाही तर आपण उगाच एकमेकांवर चिडतो. या सेवांवर दिसणाऱ्या चित्रपटांपैकी बरेचसे त्यांच्या मालकीचे नसतात. ते निर्मात्यांकडून किंवा वितरकांकडून ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात. मुदत संपली आणि करार पुढे चालला नाही, की चित्रपट निघून जातो व कदाचित दुसऱ्या दुकानात प्रकट होतो. दुकानेही स्थिर नाहीत. हॉटस्टार २०१५ साली सुरू झाले, २०२० साली ते डिस्ने प्लस हॉटस्टार झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमात मिसळून जिओहॉटस्टार झाले. त्या जिओसिनेमात २०२३ साली वूट आधीच विलीन झाले होते. पाटी बदलते, वर्गणीचे दर बदलतात, आणि आपण जपून ठेवलेली यादी कधी कधी कोरी होते.

पूर्वी बंगळूरच्या ब्रिगेड रस्त्यावरील रेक्स किंवा महात्मा गांधी रस्त्यावरील प्लाझा चित्रपटगृहातून एखादा चित्रपट जायचा तेव्हा भिंतीवरचे चित्रच बदलत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कळे. आता ती दोन्ही चित्रपटगृहे राहिली नाहीत. रेक्स २०१८ च्या अखेरीस बंद झाले. नव्या व्यवस्थेत चित्रपट निमूटपणे जातो. आणि जे समोर राहते ते कोण ठरवतो? आपण मागे काय पाहिले याचा हिशेब ठेवणारे यंत्र. शिवाय घरातील प्रत्येकाचे खाते निराळे असल्यामुळे प्रत्येकापुढची यादीही निराळी. एक भाग संपला की काही क्षणांत दुसरा आपोआप सुरू होतो. स्तोत्रातील त्या क्रियापदाची येथे आठवण होते. डोळ्यांपुढे मांडण्याचे काम राजाने स्वतःकडे ठेवले होते. आपण ते दुसऱ्याकडे सोपवून मोकळे झालो आहोत.

यावर आपल्या मंडळ्यांमध्ये दोन उत्तरे ऐकू येतात. सिनेमा मुळातच नको, हे जुने उत्तर. आमच्या पिढीतील कित्येकांनी ते व्यासपीठावरून ऐकले आहे. परंतु भारतीय चित्रपटाचा आरंभच एका ख्रिस्तचरित्राशी जोडलेला आहे, हे त्या वक्त्यांना बहुधा ठाऊक नसावे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला. त्या पडद्यावर आपले राम आणि कृष्ण कधी दिसतील, हा विचार त्यांना तेथेच सुचला, असे त्यांनी स्वतः पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळके ख्रिस्ती झाले नाहीत, हे उघडच आहे. पण एक चित्रपट मनुष्याला केवढे काम देऊन जाऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

फक्त ख्रिस्ती चित्रपट पाहावेत, हे दुसरे उत्तर. लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा ‘येशू’ हा चित्रपट दोन हजारांहून अधिक भाषांत गेला आहे, मराठीतही आहे. १९७८ च्या तेलुगू ‘करुणामयुडू’चे हिंदी रूप ‘दयासागर’ खेडोपाडी चादरीच्या पडद्यांवर दाखवले गेले. ही मोठी सेवा झाली. तथापि विषय पवित्र असला म्हणजे कृती लाभदायक होतेच असे नाही. दाढ्या चिकटवलेल्या आणि भाव न चिकटलेल्या काही बायबलपटांतून मला स्वतःला झोपेखेरीज काही लाभले नाही.

प्रेषित पौल याहून कठीण, पण अधिक मोकळी वाट दाखवतो. फिलिप्पै येथील मंडळीसाठी तो प्रार्थना करतो ती अशी, की त्यांची प्रीती ज्ञानात आणि सर्व प्रकारच्या विवेकात वाढत जावी, म्हणजे त्यांना श्रेष्ठ काय ते पारखता येईल. ‘पारखणे’ यासाठी ‘दोकिमाझो’ हे ग्रीक क्रियापद आहे. नाणे खरे की खोटे हे तपासण्यासाठीही ते वापरले जाई. ख्रिस्तशिष्यांनी निष्णात सराफांसारखे असावे अशा आशयाचे एक वचन शुभवर्तमानांत नसले तरी आलेक्सांद्रियाचा क्लेमेंत व ओरिजेन यांच्या लेखनात प्रभूचे म्हणून येते, ते याच संदर्भातले. सराफ नाणे फेकून देण्यासाठी कसोटीला लावीत नाही. खरे नाणे हातचे जाऊ नये म्हणून लावतो. आणि पौलाने जेथे ‘विवेक’ म्हटले तेथे ‘ऐस्थेसिस’ हा शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात हे नाम येथे एकदाच येते. सौंदर्यशास्त्राला पाश्चात्त्य भाषांत जे नाव आहे ते याच मुळापासून निघाले. बारकावा जाणवणे, रुची असणे, असा त्याचा रोख आहे.

वाचकांनी पौलाने मांडलेला क्रम पाहावा. पारख ही प्रीतीतून निघते. भीतीतून निघणारी पारख केवळ काय वर्ज्य आहे तेवढे सांगते. सरकारी नियमांचेही असेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार या सेवांना प्रत्येक कार्यक्रमावर सर्वांसाठी, ७, १३ किंवा १६ वर्षांवरील, अथवा केवळ प्रौढांसाठी, असा वयोगट दाखवावा लागतो आणि १३ वर्षांवरील गटापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ही सोय वापरावी; लहान मुले असलेल्या घरात तर अवश्य वापरावी. पण तो आकडा बाटलीवरच्या विषाच्या खुणेसारखा आहे. अन्नात सत्त्व किती, हे त्याने कळत नाही. ते कळण्यासाठी आपल्याला समोरच्या माणसाची काळजी असावी लागते. हा चित्रपट कोणासाठी? हा प्रश्न मनात असला की शोध आपोआप निराळा होतो.

संदीप सावंत यांचा २००४ सालचा ‘श्वास’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला मिळाले ते त्याच्यामुळे. खेड्यातून आलेल्या लहानग्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तिच्यानंतर त्याला कधीही दिसणार नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तेव्हा आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. सर्वत्र शोधाशोध होते, डॉक्टर संतापतात. आणि म्हातारा नातवाला शहर दाखवत हिंडत असतो, कारण पाहण्याचा हा शेवटचा दिवस आहे.

त्या चित्रपटात ख्रिस्ताचे नाव नाही, आणि तरीही आपल्या स्तोत्रावर इतके नेमके भाष्य मी क्वचितच पाहिले आहे. त्या आजोबांना फार शिक्षण नाही. काय दाखवावे याची यादी त्यांना कोणी दिलेली नाही. त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे आणि नातू आहे. एवढ्यावरच ते निवड करतात. आपल्या नातवंडांचे डोळे शाबूत आहेत, देवाची स्तुती असो. म्हणूनच कदाचित त्यांच्यापुढे काय येते याची आपल्याला घाई वाटत नाही. बालपण मात्र त्यांचेही मुदतीचेच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. निवड पडदा लावण्यापूर्वी व्हावी. आधी चित्रपटाचे नाव ठरवावे, मग तो कोठे आहे ते पाहावे. सेवा उघडून तेथे काय आहे ते चाळत बसलो की अर्धा तास गेलाच. कोणता चित्रपट सध्या कोणत्या सेवेवर आहे हे सांगणारी ‘जस्टवॉच’सारखी संकेतस्थळे आहेत. सर्व सेवांची वर्गणी बारा महिने भरण्याचे कारण नाही. मासिक वर्गणी मिळत असेल तर एका महिन्यात एक घ्यावी, ठरवलेले पाहावे आणि बंद करावी. काही सेवांवर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते, ती बंद करावी. जो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा असे वाटते त्याची तबकडी मिळाली तर घेऊन ठेवावी, कारण मूकपटांच्या काळातील आपले बहुतेक चित्रपट कायमचे हरवले आहेत. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे.

एकट्याने शोधण्यापेक्षा चारचौघांनी शोधलेले बरे. बंगळुरात सुचित्रा फिल्म सोसायटी १९७१ सालापासून आहे. चांगले चित्रपट शोधायचे, एकत्र बसून पाहायचे आणि मग त्यांवर बोलायचे, हेच अशा संस्थांचे काम. आपल्या मंडळीच्या तरुण संघाला किंवा महिला मंडळाला दोन महिन्यांतून एकदा हे का जमू नये? पाहून झाल्यावर लगेच शास्त्रवचन शोधण्याची घाई करू नये, एवढीच माझी विनंती. आधी चित्रपटाविषयी बोलू द्यावे.

आणि घरात एक साधी वही ठेवावी. तिच्यात चित्रपटाचे नाव, ते कोणी सुचवले, आणि तो कोणासाठी पाहायचा, असे तीन रकाने असावेत. पहिल्या पानावर ‘श्वास’ लिहिण्यास हरकत नाही. तो या आठवड्यात कोठे सापडतो हे शोधण्याचे काम नातवाकडे द्यावे, आणि त्यातले न कळलेले मराठी शब्द सांगण्याचे आजीकडे.