गुन्हेगार सुटावा, असे आपल्याला का वाटते?

कथेतील दुष्टाला अखेर शिक्षा व्हावी, ही वाचकाची अपेक्षा फार जुनी आहे. १९५५ साली पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने एक कादंबरी लिहिली आणि ही अपेक्षाच वाचकाच्या मनातून अलगद काढून घेतली. 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले' हे तिचे नाव. तिचा नायक टॉम रिप्ले हा न्यूयॉर्कमध्ये लहानसहान लबाड्या करून दिवस काढणारा पंचविशीचा तरुण. डिकी ग्रीनलीफ हा एका धनाढ्य जहाजबांधणी व्यावसायिकाचा मुलगा. तो इटलीत समुद्रकाठच्या एका गावी चित्रे काढत, पोहत, बापाच्या पैशावर सुखाने राहतो. त्याला समजावून घरी आणावे म्हणून डिकीचे वडील टॉमला स्वखर्चाने पाठवतात. टॉमला डिकी आवडतो, डिकीचे घर आवडते, त्याचे कपडे, अंगठ्या, त्याचे बेफिकीर चालणे-बोलणे सारेच आवडते. आपण नकोसे होत आहोत हे लक्षात येताच तो सान रेमो येथे एका छोट्या नावेत वल्ह्याचे घाव घालून डिकीचा जीव घेतो आणि मग त्याचेच नाव, त्याचीच सही, त्याचाच पासपोर्ट वापरून डिकी म्हणून जगू लागतो. संशय घेणाऱ्या फ्रेडी माइल्स या मित्रालाही तो रोममध्ये ठार करतो. आणि तो पकडला जात नाही. १९९१ पर्यंत हायस्मिथने त्याच्यावर आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतही तो कायद्याच्या हाती लागत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. पुस्तक वाचताना टॉम सापडू नये असे आपल्याला वाटू लागते. खून आपल्याला आवडलेला नसतो. परंतु लेखिकेने आपल्याला टॉमच्या मनात नेऊन बसवलेले असते. बँकेतील कारकून सही जुळवून पाहतो आहे, घरमालकीण जिन्यात उभी आहे, एकाच दिवशी एका माणसासमोर टॉम आणि दुसऱ्यासमोर डिकी व्हायचे आहे. अशा बारीकसारीक अडचणींत तो सापडला की आपलाही श्वास अडकतो. पापात भागीदार व्हायला नेहमी पापाची इच्छाच लागते असे नाही. एखाद्याची धांदल पुरेशा जवळून पाहिली की तेवढ्यानेही माणूस त्याच्या बाजूचा होतो.

हे मानवी मनाचे दुबळेपण संत ऑगस्टीन यांनी फार पूर्वी ओळखले होते. 'कन्फेशन्स' या ग्रंथात त्यांनी आपला मित्र अलिपियस याची हकीकत सांगितली आहे. ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला रोमच्या प्रेक्षागारात ओढून नेले, तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण कान उघडे होते. गर्दीतून एकदम मोठा गलका उठला, कुतूहलाने त्याचे डोळे उघडले, आणि रक्त पाहताच ते मिटण्याऐवजी तेथेच खिळून राहिले. आखाड्यात पडलेल्यापेक्षा खोल जखम अलिपियसला झाली, असा ऑगस्टीन यांचा निष्कर्ष आहे. आज प्रेक्षागार आपल्या बैठकीच्या खोलीत आले आहे, आणि तेथे आपल्याला कोणी ओढूनही नेलेले नसते.

अशी कादंबरी पडद्यावर आणणाऱ्याची जबाबदारी मग कोणती? या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा एक धागा चित्रपटाच्या इतिहासात गुंतलेला आहे. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेल्या नीतिसंहितेच्या लेखनात मार्टिन क्विगली हे कॅथलिक प्रकाशक आणि येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा मुख्य वाटा होता. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी स्वतंत्र परिपत्रकही काढले. ही संहिता १९६८ मध्ये इतिहासजमा झाली आणि आता तिची बहुधा थट्टाच होते. वस्तुतः तिचे पहिले तत्त्व विचार करण्याजोगे होते. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या, पापाच्या बाजूला ओढली जाऊ नये, एवढेच ते सांगत होते. निर्मात्यांनी त्यातून एक सोयीची पळवाट काढली. दीड तास गुन्हेगाराची ऐट मिरवायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्या हातात बेड्या घालायच्या! कलम पाळले गेले, तत्त्व मात्र बाहेर ताटकळत राहिले.

फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेमाँ या संहितेने बांधलेले नव्हते. तरीही १९६० च्या 'प्लँ सोलेय' या चित्रपटात त्यांनी तोच मार्ग धरला. तरुण आलँ देलाँ यांचा रिप्ले इतका देखणा आहे की तो भूमध्य समुद्राच्या उन्हाचाच एक भाग वाटतो. येथे डिकीचे नाव फिलिप झाले आहे. त्याला भोसकून, शिडाच्या कापडात गुंडाळून, टॉमने समुद्रात ढकललेले असते. अखेरीस विक्रीसाठी नौका पाण्याबाहेर ओढली जाते, तेव्हा दोरात अडकलेले ते गाठोडे तिच्यामागोमाग वर येते. टॉम किनाऱ्यावर सुखात पहुडलेला. त्याला निरोप येतो, आणि तो हसत हसत पोलिसांच्या दिशेने चालू लागतो. लोकांच्या तथाकथित नीतिमत्तेला दिलेली ही सवलत हायस्मिथला रुचली नव्हती. तिचे कारण कलेचे असेल. माझे थोडे वेगळे आहे. त्या दोराने टॉम पकडला जातो, प्रेक्षक पकडला जात नाही. उलट 'अरेरे, थोडक्यात हुकले!' अशी हळहळ घेऊन तो घरी जातो.

१९९९ मध्ये अँथनी मिंगेला यांनी दुसरा मार्ग निवडला. त्यांच्या चित्रपटात मॅट डेमनचा टॉम बुजरा, एकाकी, प्रेमाला भुकेला आहे. कादंबरीत टॉम रेल्वेच्या प्रवासात खुनाचा बेत शांतपणे मनाशी घोळवतो. चित्रपटात मात्र नावेतील भांडण पेटते, अपमान होतो आणि वल्हे उगारले जाते. त्याचे दुःख आपल्याला कळते. कळावेच, पाप्याविषयी करुणा बाळगण्यात काही गैर नाही. पण कारण सांगणे आणि क्षमा मागणे यांत अंतर आहे. आपल्या मराठीतही अशी एक सोय आहे. 'मी खून केला' असे म्हणण्याऐवजी 'माझ्या हातून खून झाला' असे म्हणता येते. जणू हात शेजाऱ्याचा होता! पापनिवेदनाला बसणाऱ्याला पहिल्या वाक्यापर्यंत पोहोचायलाच किती वेळ लागतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. मिंगेला यांचा टॉम दुसऱ्या वाक्यापाशीच थांबतो. मात्र शेवटी, ज्याने त्याच्यावर निरपेक्ष प्रेम केले त्या पीटरचाही तो गळा घोटतो आणि बोटीवरच्या खोलीत एकटा बसून राहतो. ती शिक्षा मला पहिल्या चित्रपटातल्या दोराहून सच्ची वाटते.

आपल्या हिंदी चित्रपटानेही हे केलेले आहे. आयरा लेव्हिन यांच्या १९५३ च्या 'अ किस बिफोर डाइंग' या कादंबरीतील गोड बोलणारा तरुण केवळ संपत्तीच्या हव्यासापायी खून करतो. तिचाच आधार घेतलेल्या १९९३ च्या 'बाजीगर'मध्ये त्याच्या पाठीशी उद्ध्वस्त झालेले घर, वेडी झालेली आई आणि सूडाची शपथ उभी केली गेली. निष्पाप मुलगी गच्चीवरून ढकलली गेली तरी टाळ्या वाजवायला प्रेक्षकाला निमित्त मिळाले.

विम वेंडर्स यांचा १९७७ चा 'द अमेरिकन फ्रेंड' मला या संदर्भात वेगळा वाटतो. चित्रांच्या चौकटी बनवणारा एक आजारी, प्रामाणिक कारागीर रिप्लेशी जरा तुटकपणे बोलतो. बस, इतकेच. त्याचे दुखणे बळावले आहे अशी अफवा रिप्लेच्या बोलण्यातून सुटते, आणि मृत्यूच्या भीतीने व कुटुंबाच्या काळजीने तो सज्जन माणूस पैशासाठी खून करायला तयार होतो. वल्हे किंवा सुरा आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती येतो. ही अफवेची वस्तू मात्र घरोघरी असते.

२०२४ साली स्टीव्हन झेलियन यांनी आठ भागांची 'रिप्ले' ही मालिका केली. ती कृष्णधवल आहे. इटलीचे ते मोहक ऊनच त्यांनी काढून टाकले. अँड्र्यू स्कॉट यांचा टॉम चाळिशी ओलांडलेला, न हसणारा, थंड. खून क्षणात उरकतो. त्यानंतरचे काम संपता संपत नाही. नाव आवरेना, प्रेत हलेना. रोममधल्या इमारतीत फ्रेडीचा देह खाली नेताना आणि पायऱ्यांवरचे रक्त पुसताना कॅमेरा घाई करत नाही, आणि इमारतीतले एक मांजर शांतपणे पाहत राहते. मेलेल्या माणसाला वजन असते, ही साधी गोष्ट पडद्यावर इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच दाखवली गेली असेल. अर्थात, येथेही तो सापडू नये असे मनाला वाटून जातेच. पण आता त्या वाटण्याची शिसारीही सोबत येते.

एका ठिकाणी मात्र मालिकेशी माझे जुळत नाही. कारावाज्जो या चित्रकारानेही १६०६ मध्ये रोममध्ये एकाचा जीव घेतला होता आणि तो पळाला होता. मालिका त्याला टॉमच्या शेजारी आणून बसवते, जणू दोघे एकाच जातीचे. पळून नेपल्सला पोहोचलेल्या कारावाज्जोने काय केले? भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मृताला मूठमाती अशी दयेची सात कृत्ये त्याने एका धर्मादाय संस्थेच्या चर्चसाठी रंगवली. तो कॅनव्हास आजही तेथेच आहे. दाविदाच्या हातातील गल्याथाच्या छाटलेल्या मस्तकाला त्याने आपलाच चेहरा दिला, असे त्याचे जुने चरित्रकार सांगतात. म्हणजे त्याने स्वतःला मारल्या गेलेल्याच्या जागी, दंड भोगणाऱ्याच्या जागी ठेवले. टॉमनेही मेलेल्याचीच जागा घेतली, पण ती त्याच्या अंगठ्या घालण्यासाठी. या दोघांना एका तागडीत तोलणे म्हणजे टॉमला नसलेला मोठेपणा देणे होय.

आणि डिकीची आई? कादंबरीत तिला रक्ताचा कर्करोग आहे. मुलाला घरी आणण्याची बापाची घाई तिच्यासाठीच असते. चित्रपटांत ती दिसलीच तर सुरुवातीच्या एखाद्या प्रसंगापुरती. पुस्तकाच्या शेवटी ग्रीसच्या बंदरात उतरताना धक्क्यावरचे पोलीस आपल्यासाठीच उभे आहेत, असे टॉमला वाटते. ते त्याच्यासाठी नसतात. त्याच्यासाठी असते ते डिकीच्या वडिलांचे पत्र. टॉमने स्वतःच डिकीच्या नावाने बनवलेले मृत्युपत्र त्यांनी खरे मानले आहे आणि मुलाची इच्छा म्हणून त्याच्या वाट्याचे सारे टॉमला द्यायचे पती-पत्नींनी ठरवले आहे.