नाव कोणाचे, ऋण कोणाचे?

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठवताना त्यावर आपले नाव घालण्याची आपल्याकडे रीत नाही. ज्याच्या घरी ताट गेले त्याने ते ओळखावे आणि रिकामे परत न करता त्यात काहीतरी घालून पाठवावे, एवढाच संकेत. देणाऱ्याने नाव सांगू नये आणि घेणाऱ्याने विसरू नये, ही दोन्ही कर्तव्ये त्यात एकदम येतात. मोठ्या व्यवहारांत मात्र आपण पहिले तेवढे दुसऱ्याला शिकवतो आणि दुसरे सोयीस्करपणे सोडून देतो. एका विस्मृतीत गेलेल्या विमान कंपनीच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

कंपनीचे नाव हिमालयन एव्हिएशन. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि आपल्या देशात विमान कंपन्यांचे जणू पीकच आले. प्रवासी थोडे आणि कंपन्या उदंड! १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने नेमके हेच दुखणे दाखवून दिले. या गर्दीतली हिमालयन ही एक लहान कंपनी. पण तिच्या वाट्याला आलेले काम मात्र लहान नव्हते.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते आणि योजनेमागे त्यांचा आग्रह होता. पहिला प्रयत्न दुसऱ्या एका खासगी कंपनीने केला. तो टिकला नाही. त्याच वर्षी हिमालयनने ते काम पत्करले. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. नकाशा उघडून पाहा, या चौघांच्या मधोमध नागपूर येते. मध्यरात्रीनंतर चारही विमाने तिथे सोनेगावच्या विमानतळावर उतरत. थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान जिथून आले त्याच शहरी परत पोचे. मुंबईकराने संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! शिवाय १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेही, जिथे वेळ वाचेल तिथे, जादा हशील न घेता विमानाने जाऊ लागली होती. म्हणजे श्रीमंताच्या तारेची निकड गरिबाच्या पत्रालाही मिळाली. घरोघर माणसे झोपलेली असत. त्यांची सुखदुःखे मात्र अंधारातून नागपूरकडे धाव घेत असत.

१ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स ही सरकारी संस्था उभी राहिली आणि आठ खासगी कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. हिमालयन त्यांतलीच एक. नाव पुसले गेले. थैल्या जातच राहिल्या. अवघ्या साडेचार महिन्यांत, १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे, नागपूरहून उडालेले टपालाचे डाकोटा कोसळले. चौदांपैकी तेरा जण गेले. एक वैमानिक तेवढा वाचला. विमानावरचे नाव नवे होते, धोका जुनाच होता. ही सेवा पुढे १९७३ पर्यंत चालली. इंडियन एअरलाइन्स हे नावही आता उरलेले नाही. २००७ मध्ये ती एअर इंडियात विलीन होऊ लागली आणि २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. पाट्या अशा बदलतच असतात.

मग पाटीचा शोक कशाला? काम झाले ना, असे कोणी म्हणेल. गीतेचा आधारही तयारच असतो: कर्म करावे, फळाची आशा धरू नये. खरे आहे. पण हा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. फळ खाणाऱ्याने तो तोंडावर फेकावा, यासाठी तो सांगितलेला नाही. नावाचा मोह सोडण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. दुसऱ्याचे नाव विसरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. कंपनीने पैसे घेऊनच टपाल नेले, वैमानिकांना पगार मिळत होता. मग ऋण उरले कुठे? याचे उत्तर आपल्या जुन्या रीतीतच आहे. पोस्टमनला सरकार पगार देते, तरी दिवाळीत आपण त्याच्या हातावर पोस्त ठेवतो. पगार कामाच्या तासांचा असतो. भर पावसात पत्र भिजू न देण्याची जी काळजी, तिचा दर कोणत्याही सरकारी तक्त्यात बसत नाही. पोस्त म्हणजे ‘एवढे पगारात फिटले नाही’ ही कबुली.

आणि विसरण्याने नुकसान होते ते केवळ मेलेल्या कंपनीचे नव्हे. पत्र सकाळी आपोआप येते असे मानू लागलेला माणूस, धावपट्टीवरचे दिवे लागतात की नाही, हे विचारीत नाही. कृतज्ञता हे नुसते मनाचे मार्दव नसून ती एक प्रकारची जागरूकता आहे. ज्याची आठवण असते, त्याच्या सुरक्षिततेची चौकशीही होते.

पत्रे आता कमी झाली. पण रात्रीतून वस्तू यावी ही आपली घाई मात्र दसपट वाढली आहे. या दिवाळीत मागवलेल्या वस्तूंचे पुडके कोणीतरी रात्रभर जागून एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले असेल, आणि दुसरा कोणी ते पाठीवर घेऊन चार जिने चढून आला असेल. त्याच्या अंगरख्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते; त्याचे स्वतःचे कुठेच नसते. उशीर झाला तर त्याला जाब विचारण्यापूर्वी निदान त्याचे नाव विचारावे. पोस्त त्याचीही निघते.