भरलेली वाटी, उपाशी पाखरू

वाचकहो, पाळलेल्या पोपटाला काय खाऊ घालावे हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असे म्हटले, तर आपल्यापैकी अनेकांना हसू येईल. पोपट म्हटला की पेरूची फोड, हरभऱ्याची भिजवलेली डाळ आणि एखादी हिरवी मिरची. त्यावर ‘विठू, विठू’ म्हणून चार हाका मारल्या की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. परंतु एखाद्या लहान जिवाचे खाणे, पिणे, ऊन आणि सावली हे सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणजे त्या हातांवर कोणते दायित्व येते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आणि त्या दायित्वाला नुसते प्रेम पुरते काय, हा त्याहून अवघड प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी चंदीगड शहराचे उदाहरण घेऊ. आखीवरेखीव सेक्टरांच्या या शहरात पोपट तीन प्रकारच्या ठिकाणी राहतात, आणि तिन्ही ठिकाणी त्यांच्या अन्नाची तजवीज निराळी आहे.

पहिले ठिकाण सेक्टर 21 मधील. भर वस्तीत, तीन हेक्टरांहूनही लहान अशी ही वृक्षराई 1998 साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाली, ती मुख्यतः तेथे मुक्कामाला येणाऱ्या पोपटांच्या थव्यांमुळे. हे आपल्या ओळखीचेच हिरवे पोपट. नराच्या गळ्यात गुलाबी कंठी असते. दिवसा ते चहूकडे पांगतात. कोठे पेरू, कोठे निंबोळी, कोठे फुलाची पाकळी, कोठे शेतातले कणीस, असे ऋतूप्रमाणे त्यांचे ताट बदलत राहते. त्यांच्यापुढे कोणी वाटी ठेवीत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शिष्यांना ज्या पाखरांकडे पाहावयास सांगितले, ती अशी मोकळी पाखरे होती.

दुसरे ठिकाण सुखना सरोवराजवळचे पक्षी उद्यान. ते 2021 च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसाठी उघडले. तेथे उंच जाळ्यांच्या आत मकाव, आफ्रिकेतील राखी पोपट, चिमुकले बजरिगर असे परदेशी पक्षी आहेत. यांपैकी प्रत्येकाची भूक निराळी. मकाव कठीण कवचाची फळे फोडून त्यांतील भरपूर स्निग्धांश पचवितो. तेच खाणे बजरिगराला दिले तर त्याचे यकृत बिघडेल. राखी पोपटाला कॅल्शियमची उणीव लवकर भोवते. म्हणजे ‘पोपटाचे खाणे’ असे एकच खाणे नसते, आणि त्यांची व्यवस्था पाहणाऱ्याला हा भेद ठाऊक असावाच लागतो.

तिसरे ठिकाण घराच्या गॅलरीत टांगलेला पिंजरा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशातील हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा आहे. या कायद्यात 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, आणि हा पक्षी आता त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तेव्हा त्याला काय खाऊ घालावे या प्रश्नाचे पहिले उत्तर, त्याला पाळू नये, हेच आहे. घरटे मोडून खाली पडलेले पिल्लू सापडले तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. घरोघरी जो लहान पोपट कायद्याने पाळता येतो तो मुख्यतः बजरिगर. आपल्याकडे त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः लव्हबर्ड हा आफ्रिकेतील निराळा पक्षी होय. बजरिगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली तो जिवंत इंग्लंडला नेला, आणि तेव्हापासून तो पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढत आला आहे. त्याला आज मोकळे सोडले तर चंदीगडच्या जानेवारीतील थंडीत, अन्न शोधण्याची सवय नसलेला हा जीव कावळ्यांच्या नाहीतर भुकेच्या तावडीत सापडेल. परतीची वाट बंद झालेला असा हा पाहुणा आहे.

आता विचार करा. सेक्टर 21 मधील पोपटाला एका झाडावर जे मिळाले नाही ते तो दुसऱ्या झाडावर शोधतो. पिंजऱ्यातील पाखराला दुसरे झाड नाही. सृष्टिकर्त्याने मांडलेल्या विशाल पंगतीतून आपण त्याला उठवून आणले आणि वाढप्याची जागा स्वतः घेतली. ती जागा घेतल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे होईल काय?

याच चंदीगडमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय आहे. गुरांच्या वाहतुकीच्या एका प्रकरणात 2019 साली निकाल देताना न्यायालयाने पक्षी आणि जलचर यांसह समस्त प्राणिमात्रांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व असल्याचे मानले, आणि राज्यातील नागरिकांना त्यांच्या पालकांच्या ठिकाणी ठेवले. या विचाराचा कायद्यातील पल्ला किती, हे विधिज्ञ ठरवतील. आपल्या विषयापुरता ‘पालक’ हा शब्द महत्त्वाचा. मालकाला आपल्या वस्तूची किंमत माहीत असली की पुरते. पालकाला मात्र पाल्याची प्रकृती माहीत असावी लागते. मूल मागेल ते देणारा पालक चांगला, असे आपण कोणीही म्हणणार नाही.

बजरिगराच्या बाबतीत नेमकी हीच चूक प्रेमापोटी घडते. तो राळा, वरई, बाजरी असे दाणे आवडीने खातो. उत्तरेकडील दुकानांत राळ्याला कंगनी म्हणतात. सूर्यफुलाचे बी तर त्याला फारच प्रिय. तो आनंदाने खातो म्हणून आपण तेच घालत राहतो. परंतु नुसत्या कोरड्या दाण्यांत अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन फार कमी असते, तर तेलबियांत चरबी फार. रानात तो अर्धपक्व, रसदार गवतबीज खातो आणि मैलोन्‌मैल उडतो. पिंजऱ्यात त्याला तेच ते कोरडे दाणे मिळतात आणि उडण्यास हातभर जागा. मग यकृतात चरबी साठते. अ जीवनसत्त्वाच्या उणिवेने तोंडाच्या व श्वासमार्गाच्या आतील त्वचा बिघडून रोग शिरकाव करतात. आयोडीनच्या अभावी गळ्यातील ग्रंथी फुगून श्वासाला अडथळा होतो. कॅल्शियम कमी पडले तर मादीचे अंडे पोटातच अडकून तिचा प्राण जाऊ शकतो. हे सारे रोज वेळेवर वाटी भरली जात असताना घडते.

आणि वाटीची तर गोष्टच निराळी. बजरिगर दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. ही फोलपटे वर साचत जातात. दुरून पाहणाऱ्याला वाटते, वाटी काठोकाठ भरलेली आहे, आज आणखी घालण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात आत एकही दाणा नसतो. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या या जिवाला दीर्घ उपवास सोसत नाही. पक्षिवैद्यांना ठाऊक असलेली ही एक दुःखद गोष्ट आहे: भरलेल्या वाटीपुढे बसून पाखरू उपाशी मरू शकते. घरातील कोणीही दुष्ट नसतो. वाटीवर फुंकर घालून पाहावी, एवढेच कोणाला सुचलेले नसते.

येथे नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन आठवते. नीतिमान मनुष्य आणि त्याचे जनावर यांच्याविषयीचे हे वचन भाषांतरकाराला क्षणभर थांबविते. तेथे इब्री भाषेत जे क्रियापद आहे, ते ‘योदेआ’, म्हणजे ‘जाणतो’. भाषांतरात त्याची छटा काळजी घेण्याकडे झुकते, आणि ते योग्यच आहे. परंतु मूळ शब्दाचा रोख जाणण्यावर आहे. नीतिमान मनुष्य आपल्या मुक्या जनावराचा जीव ओळखून असतो. वचनाचा उत्तरार्ध याहून धारदार आहे. दुर्जनाच्या ठायी जी करुणा म्हणून असते तीदेखील निर्दय ठरते, असा त्याचा भाव. करुणेसाठी तेथे आलेला शब्द इब्री भाषेत गर्भाशयाच्या शब्दाशी नाते सांगतो. म्हणजे आईची माया. ती मायासुद्धा क्रूर होऊ शकते! आपण दुर्जन नाही, हे मान्य. तरीही जाणण्यावाचूनची माया कोणीकडे घसरते, याचा इशारा या वचनात आपणा सर्वांसाठी आहे.

कोणी म्हणेल, ज्या देशात लेकरांना पोटभर मिळत नाही, तेथे पाखराच्या जीवनसत्त्वांची चर्चा कशाला? आक्षेप गंभीर आहे. पण पाखरू आणण्याची सक्ती आपल्यावर कोणी केली नव्हती. जबाबदारी आपण होऊन पत्करली. शिवाय येथे खर्चाचा प्रश्न फारसा नाही. मेथीच्या चार पानांनी कोणत्याही लेकराचा घास हिरावला जात नाही. खरी उणीव लक्ष देण्याची आहे. दुसरा आक्षेप किमतीचा: पक्षी स्वस्त आणि डॉक्टरांची फी त्याहून अधिक, मग गेला तर दुसरा आणावा. याला उत्तर प्रभूने बाजारातील स्वस्तात स्वस्त पाखराचे उदाहरण घेऊन देऊन ठेवले आहे. चिमण्या किती कवडीमोलाने विकल्या जात, हे मत्तय आणि लूक दोघेही नोंदवितात. आणि त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, ही शिकवण त्या कवडीमोलाच्या पार्श्वभूमीवरच उभी आहे. बाजारातील किंमत आणि देवापुढील मोल ही दोन वेगळी मापे होत.

तर मग जाणणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? वाटी रोज रिकामी करून, धुऊन, नवे दाणे घालावेत. बजरिगराला दिवसाला साधारण दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. सूर्यफुलाचे बी क्वचित. दाण्यांखेरीज रोज स्वच्छ धुतलेली भाजी द्यावी: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, ढोबळी मिरची, मोड आलेले मूग. पालक अधूनमधून, त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरते. फळाची लहानशी फोड पुरे, आणि सफरचंदाच्या बिया काढूनच. आपल्या पूर्वजांची हिरवी मिरची मात्र खरोखर चांगली: पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही आणि तिच्यात जीवनसत्त्वे असतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे म्हाकुळाच्या जातीतील सागरी जीवाचे पांढरे, हलके कवच, पिंजऱ्याला अडकवावे. पक्ष्यांसाठी तयार मिळणारे पेलेट द्यावयाचे तर ते काही आठवड्यांत, हळूहळू. एकदम दाणे बंद केले तर नवे अन्न न ओळखता पाखरू उपाशी राहील. चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य, कांदा, खारवलेले पदार्थ आणि ॲव्होकाडो हे त्याला अपायकारक, काही तर प्राणघातक आहेत. चंदीगडसारख्या ठिकाणच्या कडक उन्हाळ्यात ओले अन्न दोन-तीन तासांत काढून घ्यावे आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पक्षी आपले आजारपण लपवितो. म्हणून ग्रॅम दाखविणाऱ्या लहान काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचे वजन करावे. वजन उतरू लागले, विष्ठेचे रूप पालटले किंवा पाखरू पिसे फुलवून बसून राहिले, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

भाजी नवी असताना पाखरू तिच्याकडे पाठ फिरवील. चार दिवस, कधी चार आठवडे, ती तशीच काढून टाकावी लागेल. प्रेमाची खरी कसोटी येथे लागते. आवडीचा दाणा पुढे करून त्याची किलबिल विकत घेणे सोपे आहे. त्याच्या हिताची गोष्ट नाकारली जात असताना ती दुसऱ्या दिवशी पुन्हा, न रागावता, पुढे ठेवणे कठीण आहे.

वाचकहो, आपल्या हाती केवळ पाखरेच सोपविलेली नाहीत. अंथरुणाला खिळलेली आई, वसतिगृहात ठेवलेले मूल, आपल्या शब्दावर विसंबलेली मंडळी, यांपैकी प्रत्येकाच्या पुढे आपण काहीतरी वाढीत असतो, आणि दुरून पाहता प्रत्येकाची वाटी भरलेली दिसते. पैसे वेळेवर जातात, फोन होतात, उपदेशही होतात. त्यांतील दाणे किती आणि फोलपटे किती, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. एका चिमुकल्या पोपटाची निगा राखताना जवळ जाण्याची ही सवय जर आपल्याला लागली, तर त्या मुक्या जिवाने आपल्याला पुष्कळच दिले असे म्हणावे लागेल. आज संध्याकाळी घरातील पिंजऱ्याजवळ जा, वाटी हातात घ्या आणि तिच्यावर एक हलकी फुंकर घालून पाहा.